साठ मिनिटं दाखवून कॅमेरा मध्येच बंद पडतो: दर सीझनच्या पहिल्या लग्नाला बसणाऱ्या बॅटऱ्यांचा छडा

प्रॉब्लेम काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे ज्याला हाच त्रास होतोय त्यानेच पुढे वाचावं, बाकीच्यांचा वेळ जायला नको. बॅटरी रात्रभर चार्जिंगला, सकाळी चार्जरवर हिरवा दिवा, कॅमेऱ्यात घातली की स्क्रीनवर दोनशेच्या वर मिनिटं, सगळं छान. दोन-अडीच तास शूटिंग होतं, आकडा नीट उतरत उतरत साठ मिनिटांवर येतो आणि मग काही कळायच्या आत बॅटरीचं चिन्ह लुकलुकतं नि कॅमेरा गप. परत चालू केला तर चालू होतो, परत पन्नास-साठ दाखवतो, नि वीस सेकंदात परत गप.

माझ्याकडे सोनीचा एनएक्स१०० व्हिडिओ कॅमेरा आहे, बॅटऱ्या एनपी-एफ९७० साइजच्या सहा, त्यातल्या दोन ओरिजिनल, चार दुसऱ्या कंपनीच्या. पण मी जे सांगणार आहे ते कॅननच्या एलपी-ई६ ला, सोनीच्या एफझेड१०० ला आणि मोठ्या व्ही-माउंटला पण लागू आहे, आकार वेगळे असले तरी आत सगळीकडे लिथियम-आयनच आहे, फक्त पुढे येणारे व्होल्टचे आकडे व्ही-माउंटला वेगळे.

पहिल्यांदा झालं ते दादरच्या एका हॉलवर. तुळशीचं लग्न होऊन सीझनची पहिलीच तिथी, गोरज मुहूर्त, अंतरपाट धरलेला, मुलीमागे मामा उभा, भटजींनी तिसरं मंगलाष्टक सुरू केलं आणि माझी स्क्रीन काळी. बॅगेतून दुसरी बॅटरी काढून लावली तर तीही तशीच, चालू होऊन बंद. मामाला बहुतेक कॅमेऱ्यावरचा लाल दिवा गेलेला दिसला, लांबूनच हातवारे करून विचारलं, चालू आहे ना? मी मान हलवली, म्हणजे सरळ खोटं बोललो. वाचवलं ते फोटोवाल्या पार्टनरने, त्याने आपल्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ चालू केला आणि 'शुभमंगल सावधान' नि अक्षता त्यात आल्या, आवाज मात्र बँडवाल्यांचा जास्त आणि भटजींचा कमी.

मग सगळे करतात तेच मी केलं, बॅटऱ्या बाद म्हणायचं नि फोर्टला बोरा बाजारात जाऊन नवीन आणायच्या. आणल्या चार. त्या उन्हाळ्यापर्यंत मस्त चालल्या, आणि पुढच्या वर्षी परत तुळशीच्या लग्नानंतर, परत पहिल्याच कामाला, परत तेच. दुकानदार म्हणाला, सेठ, वॉरंटी सिर्फ छह महीना. त्याचंही चूक नव्हतं म्हणा. तिसऱ्या वर्षीही जेव्हा हेच झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तीन वेगवेगळ्या दुकानातल्या, वेगवेगळ्या कंपनीच्या बॅटऱ्या मुहूर्त बघून मरत नसतात, मीच काहीतरी करतोय.

आता क्रमाने सांगतो काय काय तपासलं, कारण माझं कारण तुमचं असेलच असं नाही.

सगळ्यात पहिलं काम फुकटचं आहे. प्रत्येक बॅटरीला पांढरी टेप लावून मार्करने नंबर टाका आणि खरेदीचा महिना-वर्ष लिहा. सहा बॅटऱ्या सारख्या दिसतात, कामाच्या गडबडीत कुठली मेली ते लक्षात राहत नाही, मग घरी येऊन सगळ्या चार्जिंगला लावल्या की चांगल्या-वाईट परत एकत्र. मी दोन वर्षं हेच केलं. नंबर टाकल्यावर महिन्याभरात कळलं की सहापैकी दोन कधीच त्रास देत नाहीत, आणि या दोनच बॅटऱ्यांनी पुढे सगळं कोडं सोडवलं, त्याच्यावर येतोच.

मग अदलाबदल करायची. तीच बॅटरी दुसऱ्या कॅमेऱ्यात, मित्राचा मागून का होईना, आणि मित्राची चांगली बॅटरी आपल्या कॅमेऱ्यात. आपल्या सगळ्याच बॅटऱ्या आपल्याच कॅमेऱ्यात बंद पडत असतील नि बाहेर नीट चालत असतील तर बॅटरीवर खर्च करू नका, कॅमेऱ्याची बॅटरी प्लेट बघा. एनपी-एफला दोन मोठे कॉन्टॅक्ट प्लस-मायनसचे आणि तिसरा बारीक डेटाचा असतो, बॅटरीतली चिप त्याच्यावरून कॅमेऱ्याला किती मिनिटं उरली ते सांगते. हा तिसरा कॉन्टॅक्ट मळला तर कॅमेरा चालतो पण मिनिटं गायब होतात, किंवा फक्त इन्फोलिथियम, म्हणजे सोनीची चिपवाली बॅटरी वापरा असा मेसेज येतो नि माणूस घाबरतो. मोठे दोन मळले तर बॅटरी भरलेली असूनही हलकासा धक्का लागला की कॅमेरा बंद. बॅटरी हाताने दाबून धरली की चालतो आणि सोडली की बंद, असं असेल तर शंभर टक्के हाच प्रकार.

आणि मुंबईत कॉन्टॅक्ट मळायला वेळ लागत नाही. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला एक रात्र उभं राहा, खारा वारा, पाऊस, घाम आणि वरून गुलाल. गुलाल म्हणजे किती बारीक असतो, तो बॅटरीच्या खाचेत बसतो, ओल लागली की त्याचा लगदा होतो नि वाळला की चिकटून बसतो. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, लॅमिंग्टन रोडला सुट्या पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं, कानाच्या बडावर घेऊन पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हिरवट-काळपट थर असेल तर शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज. सॅनिटायझर चालेल का असं असिस्टंटने विचारलं होतं, तर नको, त्यात जेल-ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं.

त्यानंतर चार्जर. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरली असं धरून चालू नका. लिथियम बॅटरी आधी जोरात भरते, मग व्होल्टेज वरच्या टोकाला पोचलं की शेवटचा भाग हळूहळू, थेंब थेंब भरतो, आणि स्वस्तातले डबल चार्जर या शेवटच्या भागाला कंटाळून आधीच हिरवा करतात. हे कळायला मल्टीमीटर पाहिजे, दोन-तीनशे रुपयाचा साधा चालेल. एनपी-एफमध्ये दोन सेल एकापुढे एक सिरीजमध्ये असतात, प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी ८.४. वर छापलेलं ७.२ हे सरासरी आहे, ते बघून गोंधळू नका. चार्जरवरून काढून अर्ध्या तासाने मोजली आणि ८.२-८.३ च्या वर आली तर चार्जरने काम केलं. ८ च्या आत आली तर तीच बॅटरी दुसऱ्या चार्जरवर लावून बघा, तिथे भरली तर चार्जर बदला, तिथेही नाही भरली तर बॅटरीच.

पण इथेच माझी फसगत झाली होती. माझ्या मेलेल्या बॅटऱ्या मल्टीमीटरवर ८.३ दाखवायच्या! मला वाटलं बॅटरी टकाटक आहे, कॅमेराच गेला, आणि मी कॅमेरा रिपेअरला टाकायला निघालो होतो. नुसतं व्होल्टेज बघून बॅटरीचा दम कळत नाही, काम करायला लावलं की कळतो. म्हणून लोड टेस्ट. घरात एनपी-एफवर चालणारा एलईडी लाइट असतोच, तो एका ठरलेल्या ब्राइटनेसवर लावायचा, मोबाइलवर टायमर सुरू करायचा आणि किती वेळाने विझतो ते बघायचं. हिशोब सोपा आहे, बॅटरीवर छापलेली क्षमता ६६०० एमएएच गुणिले ७.२ व्होल्ट म्हणजे साधारण ४७ वॉट-अवर, लाइट खरोखर १५ वॉट खात असेल तर तीन तासाच्या आसपास चालला पाहिजे. आता लाइटवर लिहिलेले वॉट किती खरे हा वेगळाच विषय आहे, त्यामुळे मी आकड्यावर भांडत बसत नाही, नवीन बॅटरी आली की पहिल्या आठवड्यात त्याच लाइटवर तिचा वेळ काढून टेपवर लिहून ठेवतो आणि नंतर दर सहा महिन्यांनी तुलना करतो. नवीन असताना १८० मिनिटं आणि आता १४० च्या खाली आली तर ती मुहूर्ताच्या कॅमेऱ्याला जात नाही, मॉनिटरला जाते, ११० च्या खाली गेली की लाल टेप लावून लाइटला. टेस्ट चालू असताना घराबाहेर जाऊ नका आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली तर तिथेच थांबवा.

अशी टेस्ट केल्यावर माझ्या चार बॅटऱ्या एक-सव्वा तासात आडव्या, आणि दोन तीन तासाच्या जवळ. चार्जिंग झाल्यावर व्होल्टेज मात्र सहाही जणींचं सारखं.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. दहीहंडीचे थर डोळ्यासमोर आणा. एफ९७० मध्ये सहा सेल असतात, तीन-तीनचे दोन गट, एकावर एक दोन थर म्हणा. वरच्या थरातले कितीही जोमात असले तरी खालच्या थरातल्या एकाचा गुडघा वाकला की सगळी हंडी खाली. बॅटरीतलं सर्किट दोन्ही थरांवर लक्ष ठेवून असतं, एक थर जरी ठरलेल्या व्होल्टेजच्या खाली गेला तरी ते सप्लाय तोडतं, दुसऱ्या थरात भरपूर शिल्लक असली तरी. म्हणून धाडकन बंद. आणि लोड निघाला की दमलेला सेल जरा सावरतो, व्होल्टेज वर येतं, म्हणून परत चालू केला की वीस सेकंद चालतो.

मग मिनिटं का खोटी दाखवतो? कारण चिपला वाटतं बॅटरी अजून पूर्वीइतकीच मोठी आहे. किती करंट आत गेला नि किती बाहेर आला याचा ती हिशोब ठेवते, पण भांडंच लहान झालंय हे तिला लगेच कळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच बॅटऱ्यांत तर हा हिशोब धड नसतोच, नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज, आणि लिथियमचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फार हळू उतरतं नि शेवटी कड्यावरून पडल्यासारखं, त्यामुळे अंदाज चुकणारच. यावर उपाय म्हणजे दोन-तीन महिन्यातून एकदा पूर्ण भरून, कॅमेरा स्वतःहून बंद पडेपर्यंत एका दमात चालवून, परत पूर्ण भरायची. याने बॅटरी सुधारत नाही, फक्त मिनिटांचा आकडा जरा खरा होतो.

हे दर वेळी करू नका पण. आमच्या लाइनमधले जुने कॅमेरामन अजून सांगतात, बॅटरी पूर्ण संपवूनच चार्जिंगला लाव, नाहीतर मेमरी बसते. ते त्यांच्या काळात बरोबर होतं, त्यांच्या निकेल-कॅडमियमच्या विटा होत्या, त्यांना मेमरीचा प्रकार होता. लिथियम-आयन सोनीने १९९१ साली बाजारात आणली आणि तिचं सगळं उलट आहे, तिला मधेच चार्जिंगला लावलेलं आवडतं, तळ गाठलेला आवडत नाही.

आता माझ्या कोड्याचं उत्तर. टेस्टमध्ये ज्या दोन बॅटऱ्या चांगल्या निघाल्या त्या तीन नंबर आणि चार नंबर. डायरी काढून बघितलं की या दोघी काय वेगळं करतात, तर गणपतीत आमच्या एरियातल्या मंडळाचं आगमनापासून विसर्जनापर्यंतचं काम मी करतो, त्या कामाला दोन बॅटऱ्या पुरतात, आणि वरच्या खणात असतात म्हणून दर वर्षी तीन-चार नंबरच्याच जातात. बाकीच्या चार? त्या आषाढी एकादशीला पोटमाळ्यावर जातात त्या तुळशीच्या लग्नालाच खाली येतात.

चातुर्मास! आपल्याकडे चार महिने लग्नं नाहीत. हल्ली काढीव मुहूर्तावर लावतात म्हणा, पण माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं त्यातली नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि त्या वर्षी चारच्या चार बॅटऱ्यांनी मान टाकली. मला वाटत होतं बॅटऱ्या कामाने मरतात, त्या मरत होत्या बसून बसून. जास्त राबलेल्या दोघी ठणठणीत आणि आराम केलेल्या चौघी आजारी.

त्यातही दोन प्रकार होते. शेवटच्या लग्नाहून आल्यावर काही बॅटऱ्या मी सवयीने फुल चार्ज करून ठेवायचो, तयार असाव्यात म्हणून. फुल भरलेली लिथियम बॅटरी गरम जागी महिनोन्महिने ठेवणं म्हणजे तिला आतून म्हातारी करणं, कपॅसिटी जाते ती परत येत नाही. आणि आमचा पोटमाळा पत्र्याखाली, ऑक्टोबर हीटमध्ये तिथे हात घालवत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेवटच्या वरातीत संपलेल्या बॅटऱ्या तशाच बॅगेत. त्या हळूहळू स्वतःच उतरत राहतात, आतलं सर्किटही थोडं थोडं पीत असतं, आणि चार महिन्यात सेल इतका खाली जातो की चार्जर त्याला ओळखच देत नाही. मंगलाष्टकात बंद पडल्या त्या पहिल्या प्रकारातल्या, आणि चार्जरवर लावल्या की नुसता दिवा लुकलुकत राहायचा त्या दुसऱ्या.

म्हणून आता आषाढीच्या आधी मी काय करतो ते सांगतो. शेवटचं काम झालं की सगळ्या बॅटऱ्या अर्ध्यावर आणतो, चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालेल, मल्टीमीटरवर साधारण साडेसात व्होल्ट आले की झालं. कॉन्टॅक्ट पुसायचे, प्लास्टिकचं झाकण लावायचं, झाकण हरवलं असेल तर टेप, कारण बॅगेत किल्ली किंवा नाणं दोन्ही टोकांना टेकलं तर ठिणगी उडते. मग झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट. नवीन बूट, पर्स घेतली की पुड्या मिळतात, घरात सांगून ठेवलंय टाकायच्या नाहीत. आणि जागा म्हणजे कपाटाचा खालचा खण, पोटमाळा बंद. फ्रीजमध्ये ठेव असं एकाने सांगितलं होतं, मुंबईच्या हवेत फ्रीजमधून बाहेर काढलेल्या वस्तूला कसा घाम फुटतो ते बघा नि मग ठरवा, मी ठेवत नाही. कॅमेऱ्यातच बॅटरी लावून ठेवायची नाही हे तर सांगायला नको, कॅमेरा बंद असला तरी घड्याळासाठी वगैरे थोडी खातोच.

आणि महिन्यातून एकदा तपासणी. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी संकष्टी धरली. आई संकष्टीला उपास करते, चंद्रोदयाची वेळ बघत बसते, तोपर्यंत मी मल्टीमीटर घेऊन बॅटऱ्या मोजतो. सव्वासातच्या खाली गेली असेल तर थोडा वेळ चार्जिंगला, साडेसात झाली की काढायची. सहा बॅटऱ्यांना दहा मिनिटं लागतात. बायको म्हणते, तुझंही चालू झालं का व्रत.

सीझन चालू असताना मात्र ही अर्ध्याची भानगड नको, आदल्या रात्री फुल करून सकाळी काम, एवढ्याने काही होत नाही. फक्त कामावरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅग ठेवून जेवायला जाऊ नका, बॅग खांद्यावर घ्या. आणि चार्जर टीव्हीच्या कपाटात सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवायचो मी, तोही उतरवला. सोनीच्या चार्जरचा दिवा हळू लुकलुकला तर बहुतेक वेळा बॅटरी तापलेली किंवा फार गार आहे म्हणून तो थांबलाय, फेकायची घाई नको. भराभरा लुकलुकला तर गडबड आहे, काढून परत नीट बसवा, कॉन्टॅक्ट पुसा, तरी तेच तर ती बॅटरी बाद.

पूर्ण उतरून गेलेली बॅटरी जिवंत करायचे व्हिडिओ खूप फिरतात, वायरी लावून दुसऱ्या बॅटरीने किंवा बारा व्होल्टच्या अडॅप्टरने झटका द्यायचा. मी एकदा केलंय हे, चाललीही होती दोन आठवडे. नंतर एका जाणकाराने समजावलं ते ऐकून अंगावर काटा आला. सेल फार खाली जाऊन तसाच पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि परत चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. आतलं सर्किट चार्ज नाकारतं ते बिघडलंय म्हणून नाही, मुद्दाम नाकारतं. चांगला चार्जर अशा बॅटरीला आधी अगदी थोडा करंट देऊन बघतो, म्हणून समोर बसून अर्धा तास ओरिजिनल चार्जरवर ठेवून बघायला हरकत नाही, घेतलं तर घेतलं, नाहीतर रामराम. तिसऱ्या मजल्यावर लाकडी जिन्याच्या चाळीत राहणाऱ्याने दीड-दोन हजारासाठी असले प्रयोग करू नयेत.

फुगलेली तर अजिबात वापरायची नाही. ओळखायला सोपी, काचेच्या टेबलावर ठेवा, डुलायला लागली की समजा. कॅमेऱ्यात फुगून अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, भोक पडलं की आग, सरळ रिपेअरवाल्याकडे न्या.

आता नवीन घ्यायची वेळ आली तर. ओरिजिनल महाग आहे पण मुहूर्ताच्या कॅमेऱ्याला निदान दोन ओरिजिनल ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी लाइट-मॉनिटरला बाहेरच्या चालतात. बाहेरच्यातही लूट किती ते आकड्यावरून कळतं. आतमध्ये बहुतेक १८६५० म्हणतात तो पेन्सिल सेलपेक्षा जाड असलेला सेल असतो, आणि त्यातला चांगल्यातला चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास. आता छोटी एफ५५० साइजची बॅटरी घ्या, त्यात दोनच सेल, तेही सिरीजमध्ये, सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, एमएएच वाढत नाही. मग तिच्यावर ५२०० कसे लिहिलेले असतात? मोठ्या साइजला तीन जोड्या म्हणून फार फार तर १०,५००, आणि तेही महागडे सेल घातले तर. याच्या वरचा आकडा दिसला की दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला.

दुसरी परीक्षा वजनाची. एक सेल ४५-४८ ग्रॅमचा, म्हणजे सहा सेलची बॅटरी प्लास्टिकसकट तीनशेच्या आसपास भरली पाहिजे. मी बाजारात एक मोठी बॅटरी घेतली, हाताला हलकी वाटली, घरी येताना आमच्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकली तर २०५ ग्रॅम. भाजीवाला म्हणाला, दादा, कोथिंबीर देऊ का बरोबर? आत चारच सेल होते हे त्या काट्याने सांगितलं. तेव्हापासून अनोळखी कंपनीची बॅटरी मी काट्यावर घालतो. बाकी बिल घ्या, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा मार्क आणि आयएस १६०४६ लिहिलेलं बघा, भारतात लिथियम बॅटरीला ते लागतं, आणि बनवल्याची तारीख छापली असेल तर ती बघा. दोन वर्षं दुकानात पडून राहिलेली नवी बॅटरी म्हणजे दोन चातुर्मास पोटमाळ्यावर काढलेली बॅटरी.

जुन्यात सेल बदलून देणारे पण आहेत. व्ही-माउंटसारखी महाग बॅटरी असेल आणि करणारा माणूस एकाच लॉटचे नवीन सेल स्पॉट वेल्डिंगने लावणारा असेल तर परवडतं. एनपी-एफला नाही परवडत, ती चिकटवलेली असते, उघडताना डबा तुटतो. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवणारा किंवा जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घालणारा दिसला तर तिथून निघा.

विमानाने गोव्याला-नागपूरला लग्नाला जाणाऱ्यांसाठी एवढंच, सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. १०० वॉट-अवरपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन. बाजारात एवढ्या व्ही-माउंट ९५-९८ वॉट-अवरच्या का असतात ते आता कळलं असेल.

मेलेल्या बॅटऱ्या महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबतात, तिथे पेटते. २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ई-कचरा गोळा करणारेही घेतात. माझ्याकडे साठलेल्या नऊ होत्या, टोकांना टेप मारून सोसायटीच्या ई-कचरा गोळा करण्याच्या दिवशी मित्राकडे नेऊन दिल्या, आमच्या चाळीत तसली सोय नाही.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं काम गिरगावात होतं, सहा बॅटऱ्या नेल्या, कॅमेऱ्याला तीन नि चार नंबर, दोघींनी मिळून सकाळच्या देवक बसवण्यापासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत निभावलं आणि चार नंबरमध्ये उतरताना अजून चाळीस मिनिटं होती, खरी चाळीस. दगा दिला तो दोन नंबरने, पण तिला लाल टेप होती, ती आदल्या दिवशी हळदीला लाइटवर लावलेली. ऐन उष्टी हळद लावताना लाइट विझला, मुलीच्या आत्याने मोबाइलचा टॉर्च वर धरला नि म्हणाल्या, तुमचं चालू द्या.